डिजिटल चित्रात लखलखता धातू, थेंब आणि वाहता पारा कसा उतरवायचा

प्रश्न थोडक्यात असा आहे: धातू रंगवला की तो राखाडी प्लास्टिकसारखा दिसतो, पाण्याचा थेंब जेलीच्या गोळ्यासारखा वाटतो, आणि पाऱ्यासारखा वाहता धातू करायला गेलं की सगळे रंग गढूळ होतात. यासाठी कोणता ब्रश घ्यावा, कोणता फिल्टर लावावा?

ब्रशचं आधी मिटवू. कडक कडेचा एक गोल ब्रश, एक मऊ एअरब्रश आणि एक स्मज (ओला रंग बोटाने फासावा तसा रंग ओढणारं साधन), एवढ्यात खाली सांगितलेलं सगळं होतं. फोटोशॉप, क्रिता, प्रोक्रिएट, क्लिप स्टुडिओ पेंट यांपैकी कोणतंही सॉफ्टवेअर चालेल. ‘क्रोम’ किंवा ‘वॉटर’ नावाचे तयार ब्रश चकचकीत पट्टे उमटवतात खरे, पण ते पट्टे तुमच्या वस्तूच्या आकाराशी आणि चित्रातल्या उजेडाशी जुळत नाहीत. त्यामुळे दोन सेकंद भुरळ पडते आणि मग काहीतरी खटकत राहतं. तिन्ही तक्रारींचं मूळ एकच आहे. वस्तूचा रंग रंगवला जातोय, पण तिच्यात आणि तिच्या आरपार दिसणारा परिसर राहून जातोय.

धातू प्लास्टिकचा का होतो

कापड, माती, लाकूड, प्लास्टिक यांत प्रकाश थोडा आत शिरतो आणि सगळ्या दिशांना विखरून बाहेर पडतो. म्हणून त्यांच्यावर उजेडाकडून सावलीकडे जाणारा सावकाश उतार दिसतो. धातूतले मुक्त इलेक्ट्रॉन प्रकाशाला आत जाऊच देत नाहीत; बराचसा प्रकाश जिथल्या तिथे परत फेकला जातो. झिलई केलेल्या धातूला स्वतःची अशी उजेड-सावली जवळजवळ नसतेच. त्यात दिसतं ते समोरचं आकाश, जमीन, खिडकी आणि बघणाऱ्याची काळी आकृती. राखाडी रंगाचा मऊ उतार काढून त्यावर पांढरा ठिपका ठेवणं ही चकचकीत प्लास्टिकची अचूक कृती आहे, म्हणूनच निकालही प्लास्टिकचा येतो.

दुसरा फरक चमकेच्या रंगाचा. प्लास्टिक लाल असो की हिरवं, त्यावरची चमक पांढरी असते. सोन्याची किंवा तांब्याची चमक मात्र त्या धातूच्या रंगाने रंगून येते. पांढऱ्या उजेडात समोरून पाहिलं तर परावर्तनाचे आरजीबी आकडे (लाल, हिरवा, निळा, प्रत्येक ० ते २५५) साधारण असे: सोनं २५५, २२६, १५५; चांदी २५२, २५०, २४५; तांबं २५०, २०९, १९४; लोखंड १९६, १९९, १९९. हे आकडे अनेकांना फिकट वाटतात, तांबं तर चक्क गुलाबी. पण हा वस्तूवर भरायचा रंग नव्हे. हा रंगीत चष्म्याच्या काचेसारखा आहे: परिसराचं करडं प्रतिबिंब आधी रंगवायचं आणि मग त्यावरच्या लेअरवर (वेगळ्या थरावर) हा रंग मल्टिप्लाय मोडमध्ये, म्हणजे खालच्या रंगाशी गुणला जाईल असा, ठेवायचा.

मग सोनं खोल, केशरी कुठे दिसतं? जिथे सोन्यात सोनंच दिसतं तिथे: पेल्याच्या आत, कोरीवकामाच्या खाचेत, साखळीच्या कड्यांमध्ये. प्रकाश दोनदा आपटला की रंग दोनदा गुणला जातो आणि २५५, २००, ९४ होतो. तिसऱ्यांदा २५५, १७७, ५७. डिजिटल चित्रात हे करायला तोच मल्टिप्लाय लेअर खाचेपुरता आणखी एकदा ठेवायचा. दागिन्यांच्या चित्रात जो खरेपणा हवा असतो, त्याचा निम्मा वाटा या एका गोष्टीत आहे.

परिसराची पट्टी

वस्तू रंगवायच्या आधी बाजूला एक उभी पट्टी काढा. उघड्यावरच्या क्रोमसाठी (आरशासारख्या चकचकीत धातूसाठी) नेहमीची पट्टी अशी: वरच्या टोकाला गडद करडा, ७० च्या आसपास (० काळा, २५५ पांढरा), खाली येताना उजळत क्षितिजापाशी २३०, तिथे एकदम कडक कड आणि त्याखाली जवळजवळ काळा, १५, मग जमीन ९० पासून सगळ्यात खाली १५० पर्यंत उजळत जाणारी. खोलीच्या आतलं दृश्य असेल तर क्षितिजाऐवजी खिडकीचे एकदोन चौकोन, भिंतीचा मध्यम करडा आणि जमिनीचा गडद पट्टा. या पट्टीत काळ्याच्या लगेच शेजारी पांढरा आहे, हे महत्त्वाचं. झिलईदार धातू ओळखू येतो तो याच उडीमुळे. मधल्या करड्या छटा सगळीकडे पसरल्या की धातू पुन्हा प्लास्टिककडे सरकतो.

आता ही पट्टी आकारावर कशी गुंडाळायची. सपाट पत्रा आरशासारखा वागतो, त्यात परिसराचा छोटासा तुकडा येतो आणि छटा जवळजवळ एकसारखी राहते. नळकांड्यावर पट्टे त्याच्या लांबीला समांतर धावतात. गोळ्यावर जवळजवळ सगळा परिसर मावतो, आणि इथे थोडी भूमिती कामाला येते. गोळ्याच्या मध्यापासून ०.७ त्रिज्येपर्यंतच्या भागात बघणाऱ्याच्या पाठीमागची अर्धी दुनिया दिसते, उरलेल्या ०.३ त्रिज्येच्या कड्यात गोळ्यामागची अर्धी दुनिया दाटून बसते. नळकांड्याच्या रुंदीलाही हेच प्रमाण लागू पडतं. म्हणून मध्यभागी पट्टे रुंद आणि निवांत, कडेला बारीक आणि दाट. कडेपर्यंत एकाच रुंदीचे पट्टे ओढले की गोळा चपटी तबकडी होतो. ही चूक अतिशय सर्रास दिसते.

क्षितिजाची रेषा कुठे येईल तेही काढता येतं. नजर गोळ्याच्या पातळीवर असेल तर क्षितिज बरोबर मध्यातून सरळ जातं. नजर ३० अंश वरून असेल तर ते मध्याखाली साधारण पाव त्रिज्येवर उतरतं आणि दोन्ही बाजूंना मध्याच्या पातळीवर ०.७ त्रिज्येपाशी वर चढतं, म्हणजे हसऱ्या ओठांसारखा बाक येतो. वरून पाहिलेल्या गोळ्यावर सरळ क्षितिज काढलं तर गोळा आणि जमीन दोन वेगळ्या चित्रांतले वाटतात.

प्रत्यक्ष कामाचा क्रम असा ठेवा. साधारण ३००० पिक्सेल रुंदीच्या कॅनव्हासवर वस्तूचा आकार एका लेअरवर एकाच मध्यम करड्याने, कडक कडेने भरा. बाकीचे सगळे लेअर त्याला क्लिपिंग मास्कने जोडा, म्हणजे त्यांचं काहीही या आकाराबाहेर दिसत नाही. पहिल्या क्लिप लेअरवर फक्त तीन छटांत पट्टे काढा: १५, ११० आणि २३०. कडक ब्रश, ओपॅसिटी (अपारदर्शकता) १०० टक्के. हे अगदी खडबडीत दिसेल, दिसू द्या. मग प्रत्येक पट्ट्याची एकच कड मऊ करा, दुसरी कडकच ठेवा. पट्टा एका बाजूने विरघळतो आणि दुसऱ्या बाजूने तुटतो, यातच पृष्ठभागाचा बाक वाचता येतो. दोन्ही कडा मऊ केल्या तर धुकं होतं, दोन्ही कडक ठेवल्या तर भरतकामाचा नमुना. या टप्प्यावर चित्र छोटं करून, अंगठ्याएवढं, पाहा. तिथे धातू वाटला नाही तर पुढचा कोणताही परिणाम त्याला वाचवणार नाही, पट्टेच बदला.

रंग यानंतर. करड्यावर ग्रेडियंट मॅप, म्हणजे प्रत्येक करड्या छटेच्या जागी ठरवलेला रंग बसवणं, हा सगळ्यात आटोपशीर मार्ग आहे आणि या चारही सॉफ्टवेअरमध्ये तो आहे. जुन्या सोन्यासाठी पाच टप्पे पुरतात: शून्यावर २६, १३, ५; २५ टक्क्यांवर ९०, ५०, ८; ५० वर १८१, १२२, २८; ७५ वर २४०, १९९, ९०; १०० वर २५५, २४६, २१६. शेवटचा टप्पा शुद्ध पांढरा ठेवू नका. शुद्ध पांढरा खऱ्या दिव्याच्या प्रतिबिंबासाठी राखून ठेवा. फोटोशॉपमध्ये ग्रेडियंट मॅप अ‍ॅडजस्टमेंट लेअर म्हणून लावा आणि त्यातला डिदर (छटांमधल्या रेघा मोडणारा पर्याय) चालू करा. प्रोक्रिएटमध्ये तो थेट लेअरवर बसतो, म्हणून आधी लेअरची प्रत काढून ठेवा. क्रितात फिल्टर मास्क म्हणून लावला तर नंतर बदलता येतो.

चांदीला आणि पोलादाला मात्र ग्रेडियंट मॅपने सरसकट निळं करू नये. चांदीचं स्वतःचं अंग किंचित पिवळसर आहे. निळेपणा येतो तो आकाशाचा. म्हणून वर बघणाऱ्या भागांत निळसर, खाली बघणाऱ्या भागांत जमिनीचा उबदार रंग, असं मऊ ब्रशने कलर मोडच्या लेअरवर ३० टक्क्यांपर्यंत द्या.

चमक: कलर डॉज आणि अ‍ॅड यांत काय फरक

चमक वाढवायला सगळे कलर डॉजकडे धावतात, आणि बऱ्याचदा केशरी डाग पडतो. कारण आकडेमोडीत आहे. कलर डॉज खालच्या रंगाला ‘एक वजा वरचा रंग’ याने भागतो. समजा खाली सोन्याची सावली १२०, ७८, २० आहे आणि वर ६० टक्के उजेडाचा करडा, म्हणजे १५३. ०.४ ने भागून येतात २५५, १९५, ५०: भडक केशरी-पिवळा. वरचा करडा ८० टक्के केला तर २५५, २५५, १००. निळा चॅनेल, म्हणजे तिसरा आकडा, मागेच राहतो, म्हणून रंग पांढऱ्याकडे जायला वेळ लागतो. आणि खालचा चॅनेल शून्य असेल तर तो शून्यच राहतो. अ‍ॅड, म्हणजे फोटोशॉपमधला लिनिअर डॉज, सरळ बेरीज करतो: तोच ६० टक्के करडा वर ठेवला तर २५५, २३१, १७३, फिकट मलईसारखा.

तापलेली, धगधगती, रसरशीत चमक हवी तिथे डॉज; दिव्याचं कोरडं, पांढरं प्रतिबिंब हवं तिथे अ‍ॅड. एकाच सोन्याच्या वस्तूवर दोन्ही वापरायचे असतील तर आधी मोठ्या मऊ ब्रशने डॉज, ब्रशची ओपॅसिटी १०–१५ टक्के, आणि सगळ्यात शेवटी कडक ब्रशने अ‍ॅडचे मोजके ठिपके. फोटोशॉपमध्ये डॉजचा जोर कमी करताना ओपॅसिटीपेक्षा फिल हा स्लायडर वापरा. या मोडमध्ये दोघांचा परिणाम वेगळा असतो आणि फिलने उतार जास्त नैसर्गिक येतो. क्लिप स्टुडिओत ग्लो डॉज नावाचा वेगळा मोड आहे, अर्धपारदर्शक कडांवर तो साध्या डॉजपेक्षा जोरात पेटतो, म्हणून त्यात आणखी जपून.

शुद्ध पांढऱ्या चमका मोजा. मुठीएवढ्या वस्तूवर दोन-तीन पुरे. प्रत्येक कडेवर पांढरी रेघ ओढली की वस्तू धातूची राहत नाही, नुसती कड रंगवलेली दिसते.

झिलई कमी करायची तर

खरखरीत धातूत तेच प्रतिबिंब असतं, पण फुटलेलं. म्हणून पट्टे पुन्हा काढू नका, पट्ट्यांच्या लेअरला गॉसियन ब्लर (धूसर करणारा फिल्टर) द्या. वस्तू हजार पिक्सेलची असेल तर आरशासारख्या झिलईला ० ते २ पिक्सेल, साटीन फिनिशला १५ ते ३०, मळकट ओतीव धातूला ६० च्या पुढे. ब्लर वाढेल तशी चमक रुंद झाली पाहिजे आणि तिचा उजेड उतरला पाहिजे, कारण तेवढाच प्रकाश जास्त जागेत पसरतोय. मॅट पत्र्यावर टोकदार पांढरा ठिपका ठेवला की डोळ्याला लगेच खोटं कळतं. ब्लर करताना वस्तूच्या कडेशी पारदर्शक पिक्सेल आत मिसळतात आणि कड फिकी पडते. पट्टे आकाराच्या बाहेर शंभरेक पिक्सेल वाढवून काढा आणि मग क्लिप करा, म्हणजे हा त्रास होत नाही.

घासलेला पत्रा, म्हणजे ब्रश्ड मेटल: ५० टक्के करड्याचा लेअर, त्यावर एकरंगी नॉइज (बारीक दाणे) भरपूर, मग रेषांच्या दिशेने मोशन ब्लर २०० ते ३०० पिक्सेल, मोड ओव्हरले (उजळ आणखी उजळ, गडद आणखी गडद करणारा), ओपॅसिटी १५ ते २५ टक्के. मोशन ब्लर कॅनव्हासच्या कडांशी खराब होतो, म्हणून हा लेअर ताणून थोडा मोठा करा. पण नुसत्या रेषांनी काम होत नाही. अशा पत्र्यावर चमक रेषांना आडवी पसरते. रेषा आडव्या असतील तर चमकेचा पट्टा उभा. गोल घासलेल्या झाकणावर याचमुळे केंद्रातून समोरासमोर दोन पंखे निघाल्यासारखे दिसतात. तिथे मोशन ब्लरऐवजी रेडियल ब्लरचा स्पिन प्रकार वापरा.

ओरखडे, पोचे, गंज शेवटी. ओरखडा म्हणजे एक गडद रेघ आणि तिला चिकटून, उजेडापासून लांबच्या बाजूला, एक उजळ रेघ, दोन्ही मिळून तीन-चार पिक्सेल. गंज हा धातू राहिलेला नसतो, त्यामुळे तिथे प्रतिबिंब पूर्ण बंद करा आणि मातीसारखा मऊ उतार द्या. चकचकीत आणि मेलेला भाग शेजारी आले की दोन्ही पटतात.

पाण्याचा थेंब

द्रवात उलट प्रकार आहे. पाणी समोरून पाहिलं तर फक्त २ टक्के प्रकाश परत फेकतं, बाकीचा आत जातो, वाकतो आणि पलीकडे गोळा होतो. म्हणून पानावरच्या किंवा काचेवरच्या थेंबाची उजेड-सावली घन गोळ्याच्या बरोबर उलटी असते. उजेडाकडची बाजू गडद, पलीकडची बाजू उजळ. जेलीचा गोळा होतो तो बहुतेक वेळा ही दिशा चुकल्यामुळे.

थेंब ३०० पिक्सेलचा धरू, उजेड डावीकडून वरून. आधी खालचा पोत पूर्ण रंगवून ठेवा; थेंबाला स्वतःचा रंग नाही, त्यामुळे खाली काही नसेल तर थेंबही नसतो. थेंबाचा आकार निवडा, अगदी वर्तुळ नको, किंचित वाकडा. त्या आकारातला खालचा पोत नव्या लेअरवर कॉपी करा आणि थोडा फुगवा: फोटोशॉपमध्ये स्फेराइझ ३० ते ५० टक्के, प्रोक्रिएटमध्ये लिक्विफायचा (चित्र ओढून-ढकलून वाकवणाऱ्या साधनाचा) एक्स्पांड. पानावर बसलेला थेंब भिंगासारखा मोठं दाखवतो, म्हणून पानाच्या शिरा थेंबात रुंद होऊन वाकल्या पाहिजेत. ही पायरी गाळली तर पुढचं सगळं वरून चिकटवल्यासारखं वाटतं.

त्यावर मल्टिप्लायचा क्लिप लेअर: पोताचाच गडद रंग घेऊन डाव्या वरच्या बाजूला मऊ ब्रशने सावली, मध्यापर्यंत विरत जाणारी. काळा रंग घेऊ नका, थेंब मळका दिसतो. मग ओव्हरले किंवा सॉफ्ट लाइटचा लेअर: उजव्या खालच्या बाजूला चंद्रकोरीसारखा उजेड, कडेपासून आठ-दहा पिक्सेल आत. हा उजेड पांढरा नसतो, पोताच्या रंगाचा पण उजळ आणि भडक असतो.

थेंबाची सावली बाहेर, उजव्या खालच्या बाजूला पडते. ती अरुंद ठेवा. थेंब आणि पान जिथे टेकतात तिथे चार-पाच पिक्सेलची गडद कड, बाहेर जाताना झटकन मऊ. आणि या सावलीच्या आत एक उजळ ठिपका द्या, कारण थेंबातून गोळा झालेला प्रकाश तिथे बाहेर सांडतो. पाणी आणि काच यांची सावली अशी पोटात उजेड घेऊन असते. हा ठिपका टाकल्याक्षणी थेंब पारदर्शक वाटायला लागतो. सगळ्यात शेवटी चमक: डाव्या वरच्या गडद भागात, कडक ब्रशने, पूर्ण पांढरी, १५ ते २५ पिक्सेल. खिडकी असेल तर चौकोनी आणि थेंबाच्या बाकाला धरून वाकलेली. गडद भागावर कडक पांढरी चमक बसते म्हणूनच ती ओली दिसते. तीच चमक उजळ भागावर ठेवली तर विरून जाते.

हवेतला थेंब वेगळा. तो पूर्ण भिंग आहे, त्यामुळे त्यात मागचं दृश्य उलटं दिसतं: जमीन वर, आकाश खाली. आणि पडणारा थेंब अश्रूच्या आकाराचा नसतो. साधारण २ मिलिमीटरपर्यंतचे थेंब जवळजवळ गोल असतात, त्याहून मोठे खालून चपटे होतात. शेपूट दिसते ती फक्त सुटण्याच्या क्षणी.

धार, शिंतोडे आणि घट्ट द्रव

पाण्याची धार तुटताना मनाला येईल तसे ठिपके टाकण्यापेक्षा एक प्रमाण लक्षात ठेवा. बारीक धार तुटते तेव्हा थेंबांमधलं अंतर धारेच्या जाडीच्या साडेचार पट आणि थेंबाचा व्यास जाडीच्या जवळजवळ दुप्पट, नेमका १.८९ पट, येतो. धार २० पिक्सेलची असेल तर थेंब ३८ चे आणि अंतर ९० चं. त्यात थोडी गडबड करा, मध्येच एखादा छोटा थेंब टाका, पण थेंब धारेपेक्षा बारीक करू नका. शिंतोड्यांत पाण्याचा पातळ पडदा उडतो, त्याची कड जाड होते, कडेला गाठी येतात आणि गाठींतून थेंब सुटतात. पडदा जवळजवळ अदृश्य, कड ठळक. नवशिक्या चित्रात नेमकं उलटं असतं: मध्ये पांढरं भरलेलं, कडेला काहीच नाही.

रंगीत द्रवाला, तेल असो, मध असो वा औषध, जाडीप्रमाणे रंग बदलतो. इथेही मल्टिप्लायच कामाला येतो. २३०, १५०, ६० हा रंग एकदा म्हणजे एक थर. त्याच लेअरची प्रत ठेवली की दुप्पट जाडी: २०७, ८८, १४. तिसरी प्रत: १८७, ५२, ३. पाहा, नुसतं गडद झालं नाही, पिवळ्याचं लाल झालं. म्हणून मधाची पातळ कड पिवळी आणि पोट तांबूस असतं. एकच रंग घेऊन त्यात काळं मिसळत गेलं तर हा बदल कधीच येत नाही. दुधासारखा अपारदर्शक द्रव याला अपवाद: त्यात थेंबाची उलटी सावली नको, मऊ घन आकार रंगवा आणि त्यावर पाण्यासारखीच छोटी कडक चमक द्या.

घट्ट द्रव थेंबांत तुटत नाही, लांब तार सोडतो. ओघळाचं टोक गोल आणि फुगीर, वरचा भाग पातळ. दोन ओघळ मिळतात तिथे कोपरा टोकदार ठेवू नका, पृष्ठताण तो आतून गोल भरून काढतो.

ओली जमीन करायची असेल तर थेंब काढायची गरजच नसते. कोरड्या पोताचा उजेड ३० टक्क्यांच्या आसपास उतरवा, रंगाची तीव्रता वाढवा आणि खळग्यांमध्ये परिसराचं प्रतिबिंब ठेवा. साचलेल्या पाण्यात नजर तिरकी होईल तसं प्रतिबिंब वाढतं: सरळ वरून २ टक्के, उभ्यापासून ६० अंशांवर सुमारे ६, ८० अंशांवर ४० च्या जवळपास. म्हणजे प्रतिबिंबाच्या लेअरचा मास्क (लेअर कुठे किती दिसावा ते ठरवणारा) सरळ उतारासारखा नसावा. पायाशी बराच काळ जवळजवळ रिकामा आणि दूर जाताना एकदम भरणारा असावा. पायाजवळ तळाचे खडे दिसतात आणि लांब फक्त आकाश, ते यामुळेच.

वाहता धातू

आता पारा आणि वितळलेला धातू. लोक आधी मऊ छटा काढतात आणि मग लिक्विफाय किंवा स्मजने घोळतात. तिथेच रंग गढूळ होतात. घोळल्याने कडा मऊच होतात, कडक कधी होत नाहीत. म्हणून सुरुवात जास्त कडक ठेवावी लागते. वर सांगितलेल्या तीन-चार छटांचे कडक पट्टे एका मोठ्या लेअरवर काढा, वस्तूच्या आकारापेक्षा बरेच बाहेर. लिक्विफायमध्ये ब्रश मोठा ठेवा, वाहणाऱ्या भागाच्या रुंदीच्या निम्मा तरी, दाब ३० च्या आसपास, आणि लांब, न थांबता जाणारे फराटे मारा. छोट्या ब्रशने टोचत राहिलं की पृष्ठभाग सुरकुततो. दर वेळी पिक्सेल पुन्हा मोजले जातात आणि चित्र थोडं धूसर होतं. म्हणून काम दीडपट ते दुप्पट आकारात करा, आणि फोटोशॉपमध्ये स्मार्ट ऑब्जेक्टवर, क्रितात ट्रान्सफॉर्म मास्कमध्ये लिक्विफाय वापरा, म्हणजे मूळ पट्टे शाबूत राहतात. घोळून झालं की मग कडक ब्रश घेऊन प्रत्येक मुख्य पट्ट्याची एक बाजू हाताने पुन्हा तासा. ही तासणी वगळली जाते आणि म्हणूनच चित्र ‘फिल्टर मारलेलं’ दिसतं.

स्मज वापरायचा असेल तर कडक टोक, जोर ६० ते ८० टक्के, स्पेसिंग (ब्रशच्या ठशांमधलं अंतर) ५ टक्क्यांच्या आत. प्रवाहाच्या दिशेनेच ओढा. आडवा फराटा काळं आणि पांढरं मिसळून चिखल करतो.

फोटोशॉपचं डिस्प्लेस फिल्टरही कामाचं आहे. उंचसखलतेचा करडा नकाशा थोडा ब्लर करा, पीएसडी (फोटोशॉपची फाइल) म्हणून साठवा आणि पट्ट्यांच्या लेअरला लावा. १२८ करडा म्हणजे जागचं हलत नाही, त्याहून गडद एका बाजूला आणि उजळ दुसऱ्या बाजूला सरकवतो. नकाशा ब्लर केला नाही तर पट्टे दातेरी तुटतात. अक्षरांना क्रोम द्यायचं एवढंच काम असेल तर बेव्हल अँड एम्बॉसमध्ये ग्लॉस कंटूर बदलणं पुरेसं आहे. चेहरा किंवा हातावर ते उपयोगाचं नाही, कारण त्याला फक्त कडेपासूनचं अंतर कळतं, आकार कळत नाही.

पाऱ्याचा थेंब पाण्यासारखा पसरत नाही. काचेवर त्याची कड आत वळलेली असते, म्हणजे टेकण्याची जागा त्याच्या सगळ्यात रुंद भागापेक्षा लहान. खाली एक बारीक, गडद फट ठेवा आणि तिच्या वर जमिनीचं प्रतिबिंब. नाहीतर तो पारा न वाटता सांडलेला चंदेरी रंग वाटतो. दोन थेंब जवळ असतील तर एकात दुसरा दिसलाच पाहिजे, कडेपाशी दाबलेला, लांबट.

वितळलेल्या धातूला स्वतःचा उजेड असतो. साधारण ६०० अंश सेल्सिअसला मंद लाल, ८०० च्या आसपास लालभडक, १००० ला नारिंगी, ११०० पुढे पिवळा, १३०० च्या वर पांढऱ्याकडे. त्यामुळे वितळलेलं पोलाद लाल रंगवणं चूक आहे, ते पिवळं-पांढरं हवं. आणि ६६० अंशांना वितळणारं अॅल्युमिनियम दिवसा उजेडात पाऱ्यासारखं चंदेरीच दिसतं. धगधगत्या धातूत पट्टे काढू नका, त्याच्या उजेडापुढे परिसराचं प्रतिबिंब बुडून जातं. उजेड पोटात, भेगांत आणि धारेच्या गाभ्यात. हवेला लागलेली साय गडद आणि तांबडी. धग पसरवायला धातूच्या लेअरची प्रत काढा, तिला ६० ते १०० पिक्सेल ब्लर द्या, मोड अ‍ॅड, ३० टक्के. प्रोक्रिएटमध्ये ब्लूम हेच करतं. मग शेजारच्या वस्तूंच्या फक्त समोरच्या बाजूंना तोच नारिंगी रंग द्या. नुसता धातू उजळतो आणि भोवतालचं काहीच उजळत नाही, तेव्हा ती धग खोटी पडते.

फाइल १६ बिटमध्ये ठेवता आली तर ठेवा. ८ बिटमध्ये प्रत्येक चॅनेलला २५६ पायऱ्या असतात. ३००० पिक्सेलभर पसरलेल्या उतारात फक्त ३० पायऱ्यांचा फरक असेल तर प्रत्येक पायरी १०० पिक्सेलची होते आणि गडद क्रोममध्ये पट्ट्यांच्या रेघा उठून दिसतात. ८ बिटच हाताशी असेल तर शेवटी सगळ्यावर १ ते दीड टक्का एकरंगी नॉइज घाला, रेघा मोडतात. तेवढा नॉइज जेपेगमध्ये टिकावा म्हणून दर्जा ९० टक्क्यांच्या खाली नेऊ नका.